अफूचे गुणदोष व निर्दोष वेदनाशामकाचा शोध

दिवाळीच्या अनारशावर जी पांढरी खसखस लावितात ती अफूच्याच झाडाचे बी होय, हे आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक नसते. त्या बियांत नशा जवळजवळ नसते. ती असते बोंडाच्या सालीतून पाझरणाऱ्या चिकात. एकाच बोंडात बाळंतिणीच्या खिरीत घालावयाचे बी आणि माणसाचा श्वास थांबविणारे द्रव्य शेजारी शेजारी नांदते. त्याच द्रव्यात असह्य वेदना शमविण्याची जी शक्ती आहे, तिची बरोबरी करणारे औषध मनुष्याला अद्याप क्वचितच सापडले आहे. ह्या द्रव्याचा गुण ठेवून त्याचा दोष काढून टाकता येईल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांस दोनशे वर्षे सतावीत आहे. प्रस्तुत लेखात त्या प्रयत्नांची हकीकत थोडक्यात सांगावी, आणि चंद्रपूर व गडचिरोली ह्या आपल्या वनप्रदेशाशी तिचा संबंध काय तेही दाखवावे, असा आमचा हेतू आहे.

संबंध दूरचा नाही. आपल्या जिल्ह्यांत असे घराणे विरळा की ज्याच्या नात्यागोत्यांत सिकलसेलचा रोगी नाही किंवा खर्‍याने तोंड न उघडणारा कोणी काका-मामा नाही. हे दोन्ही रोग वेदनेचे आहेत. म्हणून वेदनेवरील औषधाचा विचार हा आपल्या घरचाच विचार होय.

वेदना ही पहारेकरी

प्रथम हे ध्यानात घ्यावे की वेदना ही सर्वस्वी वैरीण नव्हे. पायात काटा रुतला, हात तव्याला लागला, की मज्जातंतू ती वार्ता मज्जारज्जूकडे व तेथून मेंदूकडे नेतात, आणि आपण हात मागे घेतो. ही वार्ता पोचलीच नाही तर काय होते, हे पाहावयास आपल्याला लांब जावयास नको. वरोऱ्याजवळ बाबा आमटे ह्यांनी १९४९ मध्ये ज्या कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी महारोगी सेवा समिती स्थापिली आणि आनंदवन वसविले, त्या रोग्यांची बोटे झडतात ती कशामुळे? रोगाचे जंतू ती बोटे खात नाहीत. जंतू मज्जातंतू निकामी करितात. मग चटका कळत नाही, जखम कळत नाही, आणि न कळलेली जखम चिघळून बोट जाते. वेल्लोर येथील मिशनच्या रुग्णालयात १९४६ पासून काम करणारे शस्त्रवैद्य डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी ही गोष्ट जगास पटवून दिली.

२००६ मध्ये शास्त्रज्ञांनी उत्तर पाकिस्तानातील अशा काही कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले की ज्यांतील काही मुलांस जन्मतःच वेदना म्हणजे काय ते माहीत नव्हते. त्यांतील एक मुलगा रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालून व हातात सुरी खुपसून दाखवून पैसे मिळवीत असे. चौदा वर्षांचा होण्यापूर्वीच घराच्या छपरावरून उडी मारून तो मरण पावला. ज्याच्या घरी पहारेकरी नाही त्याचे घर कोणीही लुटावे, तशी ही स्थिती होय.

परंतु पहारेकऱ्याने एकदा हाक दिली, चोर पकडला गेला, तरी तो रात्रभर ओरडतच राहिला तर घरच्यांस झोप कोठून? कर्करोगाची, शस्त्रक्रियेनंतरची, किंवा सिकलसेलच्या झटक्याची वेदना अशीच असते. तिने सांगावयाचे ते सांगून झालेले असते. उरतो तो केवळ छळ. तेव्हा वैद्यशास्त्राचे काम पहारेकऱ्यास ठार मारण्याचे नसून त्यास वेळेवर शांत करण्याचे आहे.

बोंडातील चीक

अफूचे झाड आपल्या जंगलात होत नाही. सरकारी परवान्याने त्याची लागवड मध्यप्रदेशातील मंदसौर व नीमच, राजस्थानातील चितोडगड आणि उत्तरप्रदेशातील बाराबंकी ह्या भागांत होते. हिरव्या बोंडास संध्याकाळच्या सुमारास बारीक पात्यांनी चिरा देतात. रात्रभरात पाझरलेला चीक सकाळी खरवडून गोळा करितात. ह्या चिकावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने दोन: गाझीपूरचा १८२० पासूनचा आणि नीमचचा १९३३ पासूनचा. कायदेशीर मार्गाने अफूचा चीक परदेशी पाठविणारा देश म्हणून हिंदुस्थानचेच नाव घेतले जाते.

चिकात अनेक द्रव्ये मिसळलेली असतात. सेर्टुर्नर नावाच्या एका तरुण जर्मन औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांतून गुंगी आणणारे मुख्य द्रव्य वेगळे केले. ते त्याने स्वतः घेऊन पाहिले व आपल्या तीन तरुण सोबत्यांसही दिले. सर्वांस विषबाधेची लक्षणे झाली, पण सुदैवाने सर्व वाचले. १८१७ मध्ये त्याने ही हकीकत प्रसिद्ध केली. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेच्या नावावरून ह्या द्रव्यास मॉर्फीन हे नाव पडले. चिकाचा सुमारे दहावा हिस्सा मॉर्फीन असते. पुढे १८३२ मध्ये त्याच चिकातून कोडीन निघाले. खोकल्याच्या काही औषधांत ते आजही असते.

कुलूप एक, दारे अनेक

मॉर्फीन शरीरात नेमके करिते काय, ह्याचा उलगडा व्हावयास १९७३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील दोन व स्वीडनमधील एक अशा तीन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखविले की मेंदूतील पेशींवर मॉर्फीनच्या रेणूसाठी जणू खास घडविलेल्या जागा आहेत. शास्त्रज्ञ त्यांस रिसेप्टर म्हणतात. आपण येथे त्यांस कुलपे म्हणू, आणि मॉर्फीनला किल्ली.

परंतु मनुष्याच्या मेंदूत खसखशीच्या झाडाच्या किल्लीचे कुलूप का असावे? ह्याचे उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ह्यूज व कोस्टरलिट्झ ह्यांनी दिले. डुकराच्या मेंदूतून त्यांनी असे द्रव्य काढले की जे शरीर स्वतःच तयार करिते व जे ह्याच कुलपात बसते. म्हणजे मूळ किल्ली आपल्या घरचीच. संकटाच्या घटकेला वेदना काही काळ दबून राहते, ती अंशतः ह्याच घरच्या द्रव्यांमुळे. अफूचा चीक ही योगायोगाने जुळलेली परकी किल्ली होय.

आता दोषांचे मूळ पाहा. ही कुलपे वेदनेच्या वाटेवरच असती तर प्रश्नच नव्हता. पण एकाच गावच्या सुताराने गावातील सर्व दारांस एकाच जातीची कुलपे लावावी, तसे येथे झाले आहे. मज्जारज्जूतील कुलूप उघडले की वेदनेची वार्ता अडते, हा गुण. आतड्यांतील कुलूप उघडले की त्यांची हालचाल मंदावून मलावरोध होतो. मेंदूतील एका ठिकाणचे उघडले की मळमळ होते. सुखाची जाणीव देणाऱ्या भागातील उघडले की पुन्हा पुन्हा तेच हवेसे वाटू लागते. आणि मेंदूच्या देठापाशी, जेथे श्वासाचा ताल धरला जातो, तेथील उघडले की श्वास मंदावतो. मात्रा वाढली तर तो थांबतो. अफूने व तिच्या जातीच्या औषधांनी येणारे मरण बहुधा ह्या शेवटच्या वाटेने येते. शिवाय काही दिवसांनी शरीर औषधास सरावते. तेवढ्याच गुणासाठी मात्रा अधिक लागते, आणि औषध एकाएकी थांबविल्यास रोगी तळमळतो.

फसलेली आश्वासने

गुण ठेवून दोष काढण्याचा पहिला मोठा दावा १८९८ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीने केला. मॉर्फीनवर रासायनिक क्रिया करून लंडनमध्ये १८७४ साली राइट ह्या रसायनशास्त्रज्ञाने एक नवे द्रव्य बनविले होते. बायरने ते खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणिले, आणि त्याची सवय लागत नाही असे मानले गेले. त्या औषधाचे नाव हेरॉइन. पुढे त्याने काय अनर्थ केला तो सर्वविदित आहे. ज्या औषधाने मॉर्फीनच्या व्यसनातून सोडवावे अशी अपेक्षा होती, त्याचेच व्यसन अधिक भयंकर ठरले.

शंभर वर्षांनी तोच धडा अमेरिकेस पुन्हा गिरवावा लागला. १९९६ मध्ये पर्ड्यू नावाच्या कंपनीने ऑक्सिकोडोन हे अफूच्या जातीचे औषध हळूहळू पाझरणाऱ्या गोळीच्या रूपात विकावयास काढिले, आणि ह्या रूपात व्यसनाचा धोका कमी असल्याचा प्रचार केला. लोक गोळ्या कुटून घेऊ लागले. कंपनीने २००७ मध्ये व पुन्हा २०२० मध्ये न्यायालयापुढे गुन्हा कबूल केला. तोवर ह्या जातीच्या औषधांची व पुढे चोरट्या फेंटानिलची साथ इतकी पसरली की एकट्या २०२१ साली अमेरिकेत ८० हजारांहून अधिक माणसे तीमुळे दगावली.

ह्या दोन्ही गोष्टींतून विद्यार्थ्यांनी एक बोध घ्यावा. विकणारा जेव्हा म्हणतो की ह्या औषधात गुणच आहे, दोष नाही, तेव्हा त्यास विचारावे: किती रोग्यांवर, किती दिवस, आणि कोणी पाहिले?

आजचे चार मार्ग

तथापि फसलेल्या आश्वासनांमुळे शोध थांबला नाही, आणि थांबूही नये. आजच्या प्रयत्नांचे आम्ही सोयीसाठी चार मार्ग करितो.

पहिला मार्ग औषधास नको त्या दारापासून दूर ठेवण्याचा. जुलाबावर वैद्य जी लोपेरामाइडची गोळी देतात ती वास्तविक अफूच्याच कुलपाची किल्ली आहे. पण योग्य मात्रेत ती मेंदूत टिकत नाही, मेंदूच्या सीमेवरील पेशी तिला बाहेर लोटतात. म्हणून ती आतडी तेवढी मंद करिते, गुंगी आणीत नाही. ह्याच युक्तीचा उलटा उपयोगही झाला आहे. २००८ पासून वापरात आलेले मिथाइलनालट्रेक्सोन हे औषध मेंदूत सहसा शिरत नाही व आतड्यांतील कुलपांवरून मॉर्फीनला हुसकावून लाविते. त्यामुळे वेदनेचे शमन कायम राहून मलावरोध हटतो.

दुसरा मार्ग अर्धवट फिरणाऱ्या किल्लीचा. ब्युप्रेनॉर्फीन हे औषध कुलपात घट्ट बसते, पण ते पुरते फिरवीत नाही. म्हणून मात्रा वाढविली तरी श्वास मंदावण्यास एक मर्यादा पडते. ते त्वचेवर चिकटविण्याच्या पट्टीच्या रूपातही मिळते, आणि अफू-हेरॉइनच्या व्यसनातून सोडविण्यासाठी आपल्या देशात त्याचा उपयोग करितात. तरी हेही निर्दोष नव्हे. मद्याबरोबर किंवा झोपेच्या औषधांबरोबर घेतल्यास तेही प्राण घेऊ शकते, आणि त्याचाही गैरवापर होतो.

तिसरा मार्ग सर्वांत बुद्धिमान, आणि म्हणूनच सर्वांत बोधप्रद आहे. किल्ली फिरली की पेशीच्या आत दोन निरोप्ये धावू लागतात: एक जी-प्रथिन, दुसरा अरेस्टिन. १९९९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात अरेस्टिन नसलेल्या उंदरांस मॉर्फीन दिले, तेव्हा त्यांची वेदना अधिक व दीर्घकाळ शमली. पुढील प्रयोगांत त्यांचा श्वास कमी मंदावल्याचेही कळविण्यात आले. तेव्हा असे अनुमान निघाले की गुण पहिल्या निरोप्याचा आणि दोष दुसऱ्याचा. मग पहिल्यासच धाडणारी किल्ली घडवावी. २०१२ मध्ये ह्या कुलपाची आकृती अणूअणूनिशी उलगडली. २०१६ मध्ये आशिष मंगलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर तीस लाखांहून अधिक रेणू त्या आकृतीत बसवून पाहिले व त्यांतून पीझेडएम-२१ नावाचा रेणू निवडला. अशाच विचारातून ओलिसेरिडीन हे औषध घडले. अमेरिकेच्या औषध-नियामकांनी ते २०१८ मध्ये नाकारले आणि २०२० मध्ये रुग्णालयात शिरेवाटे देण्यापुरते मान्य केले. परंतु श्वास व व्यसन ह्यांविषयीची कडक सूचना त्यावर कायम ठेविली.

दरम्यान इतर शास्त्रज्ञांनी मूळ प्रयोग पुन्हा करून पाहिले. २०१८ मध्ये दिसून आले की पीझेडएम-२१ ने उंदरांचा श्वास मंदावतोच. २०२० मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून दाखविले की अरेस्टिन नसलेल्या उंदरांचाही श्वास मॉर्फीनने तितकाच मंदावतो. म्हणजे नव्या औषधांत जी थोडी सुरक्षितता दिसते ती कदाचित निरोप्यांच्या निवडीमुळे नसून किल्ली अर्धवट फिरत असल्यामुळेच असावी, असे आता अनेकांचे मत आहे. सुंदर कल्पना खरीच असते असे नाही. जे अनुमान पुन्हा केलेल्या प्रयोगास टिकते तेच शास्त्र. आणि आपल्या आवडत्या अनुमानास प्रयोगाच्या हवाली करणे हीच शास्त्रज्ञाची नीती.

चौथा मार्ग अफूचे कुलूपच सोडून देण्याचा. मज्जातंतूतून वेदनेची वार्ता जाते ती सोडियमच्या कणांसाठी असलेल्या सूक्ष्म झडपांच्या उघडझापीने. पाकिस्तानातील त्या मुलांच्या शरीरात ह्यांपैकी एक झडप जन्मतः निकामी होती. तेव्हा वेदनेच्या तंतूंतील अशी एखादी झडप औषधाने थोडा वेळ बंद करता आली तर? तिच्याच जातीची दुसरी एक झडप बंद करणारे सुझेट्रिजीन हे औषध अमेरिकेत ३० जानेवारी २०२५ रोजी मान्य झाले. ते मेंदूतील अफूच्या कुलपांस स्पर्श करीत नाही, त्यामुळे श्वास मंदावण्याची व व्यसनाची ती भीती त्यास लागू होत नाही. मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर ते अफूच्या जातीच्या मिश्र गोळीहून सरस ठरले नाही. आशेला जागा आहे, जयघोषाला नाही.

येथे आपल्या रानाविषयी एक शब्द सांगणे अवश्य आहे. आपल्याकडील कळंबाच्या झाडाचा एक सगोत्र वृक्ष थायलंड व मलेशियात होतो. त्याची पाने तेथील मजूर थकवा घालविण्यास चघळीत. त्या पानांतील द्रव्य अफूच्या कुलपात अर्धवट फिरते असे आढळल्याने शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करीत आहेत. परंतु नाते जवळचे म्हणून दोन झाडांतील द्रव्ये एकच असतात असे नव्हे. कोणीही हे वाचून रानातील पाने चघळू नयेत.

आपल्या जिल्ह्यांतील गरज

आता घराकडे वळू. सिकलसेल हा रोग हिंदुस्थानात प्रथम १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींत आढळला, आणि पुढे विदर्भात तो फार असल्याचे दिसून आले. रक्तातील एका प्रथिनाच्या घडणीत एकच लहान फरक असतो. प्राणवायू कमी झाला की गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढचा भाग रक्तावाचून तडफडतो. हातापायांत, पाठीत, छातीत अशी कळ उठते की धट्टाकट्टा मुलगा जमिनीवर लोळतो. हाच तो झटका. साध्या गोळ्यांनी तो आवरला नाही तर रुग्णालयात मॉर्फीनच्या जातीचे औषध द्यावे लागते.

येथेच आमच्या विषयाचे खरे मर्म आहे. मॉर्फीनने श्वास मंदावला तर रक्तातील प्राणवायू घटतो. प्राणवायू घटला तर अधिक पेशी वाकड्या होतात. आणि त्या वाकड्या झाल्या तर वेदना वाढते. जे औषध वेदना शमविण्यास दिले तेच अविचाराने दिल्यास वेदनेचे कारण वाढवू शकते. म्हणून ते जाणत्या वैद्याने, मात्रा मोजून व श्वासावर लक्ष ठेवूनच द्यावयाचे असते. श्वास न मंदावणारे प्रबळ वेदनाशामक निघाले तर त्याचा लाभ न्यूयॉर्कच्या रोग्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, अहेरी-एटापल्लीच्या मुलास होईल. कारण जेथे मोठे रुग्णालय दूर आहे, पावसाळ्यात नाल्यास पूर आला की वाट बंद होते, आणि रात्रभर उशाशी बसणारी परिचारिका दुर्मिळ आहे, तेथे चुकीस क्षमा करणाऱ्या औषधाची किंमत सर्वाधिक असते.

दुसरा रोगी खर्‍याचा. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा प्रथम तोंड आखडवितो आणि कित्येकांस कर्करोगापर्यंत नेतो. डॉ. अभय व राणी बंग ह्यांनी १९८६ मध्ये स्थापिलेल्या ‘सर्च’ ह्या संस्थेच्या सहभागाने २०१६ पासून गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ नावाने दारू व तंबाखूविरुद्ध जे कार्य चालले आहे, त्याचे महत्त्व ह्या दृष्टीनेही आहे: जो कर्करोग झालाच नाही त्याच्या वेदनेस औषध लागत नाही. परंतु ज्यास तो झाला त्याचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच तीन पायऱ्यांची रीत सांगितली: सौम्य वेदनेस साधे औषध, मध्यम वेदनेस सौम्य अफूजातीचे, आणि तीव्र वेदनेस मॉर्फीन. मॉर्फीनची साधी गोळी महागही नाही. तरी ज्या देशात अफू पिकते त्या देशातील असंख्य रोगी तिच्यावाचून तळमळत मेले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे इतके अडसर घातले की पुढील वर्षांत औषधी मॉर्फीनचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. केरळातील डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्यासारख्या अनेकांच्या दीर्घ खटपटीनंतर २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला, आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांस मॉर्फीन ठेवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले.

कायदा सुधारला तरी मनातील भीती उरते. घरचे म्हणतात, ‘मॉर्फीन दिले म्हणजे आता शेवट आला,’ किंवा ‘आजोबांस नशेची सवय लागेल.’ मरणवेदनेने कण्हणाऱ्या वृद्धास सवयीच्या भीतीने औषध नाकारणे ही सावधगिरी नव्हे, निर्दयता होय. योग्य मात्रेत वैद्याच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फीनने कर्करोगी चार घास खातो, झोपतो, नातवंडांशी बोलतो. दुसऱ्या टोकास मात्र तेवढाच धोका आहे. ट्रॅमाडॉलच्या गोळ्या व कोडीनयुक्त खोकल्याची औषधे काही तरुण नशेसाठी घेतात. ह्याच कारणाने एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉलही त्या कायद्याखाली आणिले गेले. एकाच औषधाची एकास भीती नको आणि दुसऱ्यास भीती हवी; हा विवेक शिकविणे हेच शिक्षणाचे काम आहे.

विद्यार्थ्यांस व पालकांस

शेवटी काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. एकास दिलेली वेदनेची गोळी दुसऱ्याने कधीही घेऊ नये. आजोबांची मात्रा नातवास विष ठरू शकते. अशी औषधे कुलपात ठेवावी, आणि मद्य किंवा झोपेचे औषध ह्यांबरोबर मुळीच घेऊ नयेत. असे औषध घेतलेला मनुष्य हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार मंद असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर क्षणाचाही विलंब न लाविता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. कुलपातून मॉर्फीनला हुसकावणारे नालोक्सोन हे औषध रुग्णालयात असते व ते वेळेवर मिळाल्यास प्राण वाचतात.

सिकलसेल असलेल्या मुलास पाणी भरपूर पाजावे, थंडीपासून जपावे, अति दमवू नये, आणि वैद्याने सांगितलेले हायड्रॉक्सियुरिया नियमाने द्यावे. त्याने झटके कमी होतात. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारात एक असतो, म्हणून विवाहापूर्वी रक्त तपासून घ्यावे. आणि वर्गातील सोबत्यांस आमचे एवढेच सांगणे की, असा मुलगा खेळाच्या तासाला झाडाखाली बसला तर त्यास आळशी म्हणून हिणवू नका. वेदना दिसत नाही, म्हणून ती नसते असे नव्हे. निर्दोष वेदनाशामक शोधून काढणे आपल्यापैकी एखाद्याच्याच हातून होईल. परंतु दुसऱ्याची वेदना खरी मानणे प्रत्येकाच्या हातचे आहे, आणि त्या शोधाचा आरंभही तेथूनच होतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वेदना कळत नसणे हे वरदान का नव्हे? दोन उदाहरणे देऊन सांगा.

२. लोपेरामाइड अफूच्याच कुलपात बसते, तरी त्याने गुंगी का येत नाही?

३. अरेस्टिनविषयीचे अनुमान का डळमळीत झाले? त्यावरून शास्त्रीय पद्धतीविषयी काय शिकावयास मिळते?

४. सिकलसेलच्या रोग्यास मॉर्फीन देताना श्वासावर विशेष लक्ष का ठेवावे लागते?

५. मॉर्फीनची भीती कोणास असावी व कोणास नसावी, ह्यावर घरी आईवडिलांशी बोलून दहा ओळी लिहा.